गोलावरील वस्त्र : भास्कराचार्याच्या एका युक्तिवादाचा विचार

भास्कराचार्याच्या सिद्धान्तशिरोमणींतील गोलाध्यायाची पोथी आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या हाताखालून गेली असेल. त्या अध्यायाच्या 'भुवनकोश' प्रकरणांत पृथ्वीच्या पृष्ठफळाचा विचार चालला असतां आचार्य एकाएकीं कापडाची गोष्ट काढतो. स्थळ लहान आहे. लल्लाचार्यावरील टीकेचा एक किरकोळ भाग समजून वाचक तेथून पुढें जाण्याचा संभव फार. परंतु त्या थोड्या ओळींत जो प्रश्न हाताळला आहे, तोच प्रश्न शिंप्यापुढें, भूगोल करणाऱ्या कारागिरापुढें, आणि आज संगणकावर आराखडे काढणाऱ्यापुढें उभा आहे : वक्र पृष्ठावर नीट बसेल असें सपाट कापड कसें बेतावें? या प्रश्नाचा इतिहास थोडक्यांत सांगून, पोथ्या व कोरीव लेख यांच्या अभ्यासकांनीं त्यापासून कोणता सावधपणा घ्यावा हें दाखविणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम ग्रंथकाराच्या काळाचा निर्देश करूं. आपला जन्म शके १०३६ त, म्हणजे इ. स. १११४ त, झाल्याचें व वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं सिद्धान्तशिरोमणि रचल्याचें भास्कराचार्यानें स्वतःच नमूद केलें आहे. त्यावरून ग्रंथाचा काल शके १०७२, इ. स. ११५० हा निघतो. त्याच्या वंशाची हकीकत चाळिसगांवनजीकच्या पाटण येथील शिलालेखावरून कळते. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणलेल्या या शके ११२८ च्या लेखांत, भास्कराचार्याचा नातू व यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचा उल्लेख आहे. अर्वाचीन काळीं गोलाध्यायाचें जें इंग्रजी भाषांतर १८६१ सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध झालें, तें लान्सलॉट विल्किन्सन यांनीं केलेलें असून काशीच्या संस्कृत पाठशाळेंतील महाराष्ट्रीय पंडित बापूदेव शास्त्री यांनीं तें तपासून दुरुस्त केलें होतें. म्हणजे ग्रंथाच्या जन्मापासून त्याच्या अर्वाचीन प्रसारापर्यंत महाराष्ट्राचा संबंध अखंड दिसतो.

आतां मूळ वादाकडे वळूं. लल्ल हा आठव्या शतकांतील ज्योतिषी. गोलाच्या बृहद्वृत्ताचें क्षेत्रफळ परिघानें गुणिलें असतां गोलाचें पृष्ठफळ येतें, असा त्याचा नियम भास्कराचार्य सांगतो. व त्या नियमानें काढलेलें भूपृष्ठाचें फळ २,८५,६३,३८,५५७ योजनें हें खंडनार्थ पुढें ठेवतो. हा अंक नकलांवर नकला होत आपल्यापर्यंत आला आहे. म्हणून तो शुद्ध उरला आहे किंवा नाहीं हें आम्हीं गणित करून पाहिलें. लल्ल हा आर्यभटाच्या परंपरेंतला. भूव्यास १०५० योजनें, व व्यास २०,००० असतां परिघ ६२,८३२ हें आर्यभटाचें प्रमाण, अशीं दोन मानें घेतलीं म्हणजे परिघ ३२९८.६८ व बृहद्वृत्ताचें फळ ८,६५,९०३.५ येतें. या दोहोंचा गुणाकार, शेवटचा अपूर्णांक सोडून, नेमका २,८५,६३,३८,५५७ होतो. तेव्हां साडेआठशें वर्षांहून अधिक काळच्या लेखनपरंपरेंत या दहा अंकांपैकीं एकही चळलेला नाहीं. लेखकांच्या हातून अंक बिघडतात ही आमची नेहमींची तक्रार; येथें त्यांच्या काळजीपणाची साक्ष मिळते ही समाधानाची गोष्ट होय.

अंक शुद्ध असला तरी नियम अशुद्ध होता. त्याच व्यासाच्या गोलाचें खरें पृष्ठफळ, परिघ व व्यास यांचा गुणाकार करून, ३४,६३,६१४ योजनें येतें. लल्लाचें उत्तर याच्या सुमारें ८२५ पट आहे. एवढी मोठी चूक केवळ नियमास नियम दाखवून खोडतां आली असती. भास्कराचार्यानें तसें न करतां वाचकाच्या हातीं कापड दिलें.

त्याच्या युक्तिवादाचा आशय असा. गोलाच्या परिघाच्या निम्म्याइतका ज्याचा व्यास आहे असें एक वाटोळें वस्त्र कापावें. त्याचा मध्य गोलाच्या शिखरावर ठेवून तें खालीं पसरलें तर अर्धा गोल पुरता झांकला जातो, आणि वस्त्र कांहीं शिल्लकही राहतें. या वस्त्राचें फळ बृहद्वृत्ताच्या सुमारें अडीचपट भरतें. उरलेल्या अर्ध्या गोलास तेवढेंच दुसरें वस्त्र पुरे होईल. म्हणून सगळ्या गोलाचें पृष्ठफळ बृहद्वृत्ताच्या पांचपटीपेक्षां अधिक होणें शक्य नाहीं. मग बृहद्वृत्तास परिघानें गुणण्यास आधार कोणता?

या विधानांतील प्रत्येक शब्द तोलून घातलेला आहे. वस्त्राचें फळ बृहद्वृत्ताच्या २.४६७ पट येतें. 'सुमारें अडीच' हें म्हणणें यथार्थ आहे. अर्ध्या गोलाचें खरें फळ बृहद्वृत्ताच्या दुप्पट. म्हणजे झांकावयाच्या पृष्ठाच्या मानानें कापड शेकडा तेवीस अधिक झालें. हें अधिक कापड जातें कोठें, याचा उलगडा कडेकडे पाहिलें असतां होतो. वस्त्राचा मध्यापासून कडेपर्यंतचा अंतराय गोलाच्या परिघाचा चतुर्थांश आहे. म्हणून वस्त्राची कड गोलाच्या मध्यवृत्तावर येऊन टेकते. पण व्यास व परिघ यांचें ७ ला २२ हें व्यवहारांतलें प्रमाण धरलें, तर जेथें मध्यवृत्त सात हात आहे तेथें वस्त्राची कड अकरा हात आहे. अकरा हातांचें कापड सात हातांत बसवावयाचें म्हणजे चुण्या पडल्यावांचून गत्यंतर नाहीं. शिखरापाशीं वस्त्र अंगासरशीं बसतें, खालीं उतरावें तसतशा चुण्या वाढत जातात. 'शिल्लक राहतें' या शब्दांनीं आचार्यानें याच गोष्टीवर बोट ठेवलें आहे.

हा दाखला पृष्ठफळाची केवळ वरची मर्यादा ठरवितो. चौपट हें नेमकें प्रमाण त्यांतून निघत नाहीं, आणि निघावें अशी ग्रंथकाराची अपेक्षाही नाहीं. तें प्रमाण त्यानें वासनाभाष्यांत निराळ्या दोन मार्गांनीं सिद्ध केलें आहे. पहिल्या मार्गांत माती किंवा लांकूड यांचा गोल करून त्याच्या शिखराभोवतीं समान अंतरावर एकाखालीं एक अशीं वर्तुळें काढावयाचीं, व त्यांच्यामधील वलयाकार पट्ट्यांचीं फळें मिळवावयाचीं. दुसऱ्या मार्गांत आवळ्याच्या अंगावर निसर्गतः दिसणाऱ्या रेघांप्रमाणें शिखरापासून तळापर्यंत उभ्या फांका पाडावयाच्या; या फांकेस तो 'वप्रक' म्हणतो. परिघ ९६ हात मानून त्यानें ९६ वप्रकें घेतलीं, म्हणजे प्रत्येकाची मधली रुंदी एक हात झाली. ज्यांच्या कोष्टकाच्या साह्यानें एका वप्रकाचें फळ काढलें तें ३० पूर्णांक ३३ षष्ट्यंश भरलें; आणि ९६ हात परिघाच्या गोलाचा व्यासही तितकाच. तेव्हां परिघाइतकीं वप्रकें, प्रत्येकाचें फळ व्यासाइतकें. म्हणून परिघ व व्यास यांचा गुणाकार हेंच पृष्ठफळ. हेंच प्रमाण आर्किमिडीझनें इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांत ग्रीक भाषेंत सिद्ध केलें होतें. परंतु आपल्याकडील ग्रंथांत फळाबरोबर त्याची वासना इतकी हातानें करून पाहण्याजोगी क्वचितच दिलेली असते.

येथें लक्षांत घेण्यासारखें हें कीं, गोल पृष्ठ सपाट तुकड्यांतून बेतण्याचे जे दोन मुख्य प्रकार कारागिरांत रूढ आहेत ते हेच : आडवीं वलयें व उभ्या फांका. युरोपांत १५०७ सालीं मार्टिन वाल्टझेम्युलर यानें 'अमेरिका' हें नांव असलेला जो लहान भूगोल छापला, तो सपाट कागदावर बारा उभ्या फांकांच्या रूपानें छापलेला होता. त्या कापून गोळ्यावर चिकटवावयाच्या. उलट १७८३ सालच्या जून महिन्यांत फ्रान्समधील आनोने गांवीं माँगोल्फिए बंधूंनीं जें विमान उडविलें, त्याची खोळ घुमटाचा एक भाग व बाजूंचे तीन पट्टे अशी वलयांच्या रीतीनें बेतून बोंदांनीं जोडलेली होती. आम्ही या कारागिरांस भास्कराचार्याचे शिष्य ठरवीत नाहीं. ग्रंथाचा तिकडे प्रवास झाल्याचा पुरावा पुढें न ठेवतां तसें म्हणणें हें संशोधन नव्हे. एकच अडचण भिन्न देशांत उभी राहिली व गोलाच्या स्वरूपानेंच तिचे मार्ग ठरवून दिले, इतकेंच यावरून सिद्ध होतें.

फांका केल्यानें अडचण संपते काय? तीही मोजून पाहूं. बारा फांका घेऊन प्रत्येकीची मधली रेषा खऱ्या लांबीची व प्रत्येक ठिकाणची आडवी रुंदी खरी ठेवली, तर सपाट फांकेचें क्षेत्रफळ गोलावरील फांकेशीं अगदीं बरोबर जुळतें. आचार्याचें वप्रकाचें गणित म्हणूनच निर्दोष उतरलें. पण कडेची लांबी जुळत नाहीं. गोलावर मधली रेषा व कड सारख्याच लांबीच्या असतात. कागदावर कड शेकडा सुमारें १.७ नें लांब भरते. बाराच्या चोवीस फांका केल्या तर हें आधिक्य शेकडा ०.४ वर येतें. फांका वाढवीत गेलों तर तें घटत जाईल, शून्य कधींच होणार नाहीं. क्षेत्रफळ साधलें म्हणून आकार साधला असें होत नाहीं, हें या उदाहरणावरून स्पष्ट व्हावें.

'कधींच नाहीं' हें कारागिराच्या अनुभवावरून म्हणतां येत होतें; त्याची सिद्धता अठराव्या शतकांत झाली. ऑयलर यानें १७७२ सालीं छापलेल्या एका निबंधांत कोणत्या घनाकृतींचीं पृष्ठें न ताणतां सपाट उलगडतां येतात याचा विचार केला. नळा व शंकु हीं अशा उलगडण्याजोग्या पृष्ठांचीं परिचित उदाहरणें. गोलाचें सर्वथा यथातथ्य असें सपाट चित्र काढणें अशक्य आहे, हें त्यानेंच १७७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या निबंधांत दाखविलें. पुढें १८२७ सालीं गाउस यानें ग्योटिंगेन येथील विद्वत्सभेपुढें याच्या मुळाशीं असलेलें तत्त्व मांडलें : पृष्ठाची एक प्रकारची वक्रता अशी आहे कीं, पृष्ठ न ताणतां कितीही वांकविलें तरी ती बदलत नाहीं, आणि ती पृष्ठावरच मापें घेऊन ओळखतां येते. सपाट कागदाची ही वक्रता शून्य. नळ्याची व शंकूचीही शून्य. गोलाची मात्र शून्य नाहीं. अकरा हात कड व सात हात मध्यवृत्त यांतील तफावत ही त्या वक्रतेचीच खूण होय. भास्कराचार्यास गाउसचा सिद्धान्त ठाऊक होता असें मात्र यावरून कोणीं म्हणूं नये. त्यानें एक माप घेतलें व त्यापासून जेवढें निघतें तेवढेंच काढलें. त्याची थोरवी या संयमांतच आहे.

कापडाचा प्रश्न पुन्हां कापडाच्या रूपानें विद्वत्सभेपुढें आला तो १८७८ सालीं. त्या वर्षाच्या ऑगस्टमध्यें पॅरिस येथें रशियन गणिती चेबिशेव यानें वस्त्रें बेतण्याच्या विषयावर व्याख्यान दिलें. त्याचें म्हणणें असें कीं, विणलेल्या कापडाचे उभे-आडवे धागे लांबत नाहींत असें धरलें तरी त्यांच्यामधील कोन बदलूं शकतात. चौकोनी घर तिरपें होऊन कापड पृष्ठावर बसतें. या तत्त्वावर त्यानें दोन तुकड्यांत चेंडू झांकण्याची बेतणी काढली. कापडाचा गुण कागदांत नाहीं तो हाच. वाचकांस येथें 'लीलावती'ची आठवण होईल : गोलाचें पृष्ठफळ सांगतांना भास्कराचार्यानें तेथें चेंडूभोंवतीं असलेल्या जाळ्याची उपमा योजिली आहे. जाळें चेंडूवर चपखल बसतें तें त्याचीं घरें तिरपीं होऊं शकतात म्हणूनच. अशा जाळ्यास आज गणितांत चेबिशेवचें जाळें म्हणतात. उपमेचा हा मेळ मनोरम आहे. त्यास पुराव्याचें मोल देऊं नये.

आतां आजच्या साधनांचा विचार. संगणकावर तीनही परिमाणांत आकार रचून त्याचे कापण्याजोगे सपाट तुकडे काढून देणाऱ्या आज्ञावल्या, म्हणजे सॉफ्टवेअर, आतां सर्वत्र वापरांत आहेत. तंबू, जहाजांचीं शिडें, पादत्राणें, गाड्यांच्या बैठकी व अंगावरचे कपडे यांची बेतणी त्यांवर होते. त्यांची सामान्य रीति अशी. वक्र पृष्ठावर प्रथम लहान लहान त्रिकोणांचें जाळें कल्पावयाचें. नंतर तें सपाट पाडावयाचें, आणि प्रत्येक त्रिकोणाच्या बाजू मूळ लांबीच्या शक्य तितक्या जवळ येईतों त्याचे बिंदु पुनःपुन्हां हलवावयाचे. कांहीं रीति लांबीस जपतात, कांहीं कोनांस. दोहोंस एकदम जपणें गोलासारख्या पृष्ठावर अशक्य. 'राइनोसेरॉस' नांवाच्या प्रसिद्ध आज्ञावलींत हा भेद स्पष्ट केलेला आहे : एकाच दिशेनें वांकलेल्या पृष्ठासाठीं 'अनरोल' ही आज्ञा, व दोन्ही दिशांनीं वांकलेल्या पृष्ठासाठीं 'स्क्विश' ही निराळी. दुसऱ्या आज्ञेच्या वेळीं कापड ताणूं द्यावयाचें कीं आकसूं द्यावयाचें हें आधीं ठरवितां येतें, आणि काम झाल्यावर ताण व आकुंचन किती झालें याचा जबाब मिळतो. तो जबाब मर्यादेबाहेर गेला तर पृष्ठावर आणखी एक शिवण पाडून तुकडे वाढवावयाचे. म्हणजे यंत्र कितीही शीघ्र झालें तरी तें आचार्याचें शिल्लक कापड नाहींसें करूं शकत नाहीं. तें कोठें वांटावें, कोठें कापावें, एवढेंच तें ठरवितें. व किती उरलें तें प्रामाणिकपणें सांगतें.

आमच्या मंडळींशीं याचा संबंध येतो तो येथें. कोरीव लेखाचा ठसा घेणें म्हणजे पृष्ठ सपाट करणेंच होय. वाटोळ्या खांबावरील लेख असेल तर ओला कागद त्याभोंवतीं बसतो व काढल्यावर अक्षरें यथामाप उलगडतात. कारण खांब हा नळा, अगर निमुळता असल्यास शंकूचा भाग आहे. पण फुगीर खडकावरील किंवा घटाच्या पोटावरील लेखाची गोष्ट वेगळी. तेथें ओला कागद कोठें ताणतो, कोठें चुणी घेतो. आणि चुणींत एखादी मात्रा किंवा अनुस्वार सांपडला तर ठशावर तो दिसत नाहीं. अशा लेखांची छायाचित्रांवरून संगणकांत प्रतिकृति करून ती सपाट काढण्याची सोय आतां झाली आहे. ही सोय स्वागतार्ह आहे. परंतु तिच्यांतही दोन अक्षरांमधील अंतर, ओळींचा तिरपेपणा व अक्षरांचा घाट हीं आज्ञावलीच्या निवडीप्रमाणें बदलतात. आणि अक्षरवटिकेवरून काल ठरविणारा संशोधक नेमक्या त्याच गोष्टींवर भिस्त ठेवतो.

जळालेल्या पोथ्यांच्या बाबतींत या विद्येनें जें साधलें तें आश्चर्यकारक आहे. मृत समुद्राच्या कांठीं एन-गेदी येथें १९७० सालीं उत्खननांत सांपडलेली चामड्याची एक गुंडाळी कोळशासारखी झाली होती. हात लावतां तुकडे पडत. क्ष-किरणांनीं तिचें आंतील घन चित्र घेऊन, ब्रेंट सील्स यांच्या नेतृत्वाखालील मंडळानें तिचे थर संगणकांत वेगळे केले, ते सपाट केले, व त्यांवरील लेवीय ग्रंथाच्या आरंभींचा हिब्रू मजकूर वाचावयास मिळाला. हें सर्व २०१६ सालीं सविस्तर प्रसिद्ध झालें. नवी गुंडाळी मूळची सपाट, म्हणून ती न ताणतां उलगडावी. पण आगीनें आकसलेलें व वेडेंवांकडें झालेलें चामडें मूळच्या मापाचें राहत नाहीं. तें सपाट करतांना कोठेंतरी ताणावें व कोठेंतरी दाबावें लागतेंच.

यावरून आम्हांस सुचवावयाचें आहे तें इतकेंच. वक्र पृष्ठावरून घेतलेली कोणतीही सपाट प्रत, मग ती कागदावरील ठसा असो वा संगणकांतील चित्र असो, मूळ म्हणून दप्तरीं दाखल करूं नये. तिच्याबरोबर पृष्ठाचा घाट, ज्या रेषांवर तें कापलें त्या रेषा, कोणत्या रीतीनें सपाट केलें तें, व ताण-आकुंचनाचा जबाब, हीं चार टिपणें अवश्य ठेवावीं. आणि घन प्रतिकृति तयार केलेली असल्यास सपाट चित्र हातीं आलें म्हणून ती टाकून देऊं नये. आपण पाठभेद नोंदवितों ते याच न्यायानें. नकलकारानें काय गाळलें हें जसें संपादकानें सांगावें, तसें सपाट करणाऱ्यानें काय ताणलें हेंही सांगावें. ही नोंद राहिली नाहीं तर पुढील पिढीचा संशोधक आज्ञावलीनें पाडलेला तिरपेपणा कोरणाऱ्याच्या हातचा समजेल, आणि त्यावर एखादें शतक मागें किंवा पुढें जाईल.

भास्कराचार्यानें वस्त्र गोलावर घातलें, आणि झांकलें गेलें एवढ्यावर समाधान न मानतां शिल्लक राहतें हेंही सांगितलें. त्या शिलकेच्या हिशेबावर त्याचें खंडन उभें आहे. गोलाध्यायाच्या ज्या पोथ्यांत वासनाभाष्यासह हें प्रकरण असेल, त्यांच्या संग्राहकांनीं वप्रकांच्या आकृति समासांत कोठें काढलेल्या आहेत काय हें पाहून मंडळास कळवावें, अशी आमची विनंति आहे.